दुसरी सुरई

वकीलभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी चामोर्शीच्या बाजारात दुकान मांडून बसले होते. दुकान म्हणजे झाडाखाली तणीस, धानाचा पेंढा, पसरायची आणि तिच्यावर कप, वाडगे, लोणच्याच्या बरण्या ओळीनं ठेवायच्या. एक बाई एका बरणीच्या काठावरून बोट फिरवून तोंडाला फडकं नीट बसेल का ते बघत होती. तेवढ्यात आमच्या ओळखीचा एक शेतकरी समोर येऊन उभा राहिला. तो चांद्याच्या कोर्टात तारखेला गेला होता आणि तसाच परत आला होता. म्हणाला, "बाई, तुमचे वकीलभाऊ गेले ना. सकाळी उठलेच नाई म्हणते. माही तारीख पुढं ढकलली." त्याला तारखेचं दुःख जास्त होतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं. बरणीवाल्या बाईनं विचारलं, कोण होते तुमचे? मी म्हटलं, नवऱ्याचे मामेभाऊ. तिनं च् च् केलं आणि बरणी घेऊन गेली. मला रडू येईल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली... आलं नाही. मग बाजार उठेपर्यंत मी बसून होते, आणि त्या दिवशी विक्री चांगली झाली.

त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीत वकीलभाऊंवर दोन लेख येऊन गेले आहेत. एकात त्यांना रसिक म्हटलं आहे, दुसऱ्यात जंगलातल्या कलेला आश्रय देणारा माणूस. मग संपादकांनी माझ्याकडे निरोप पाठवला, की ज्यांच्या हातची भांडी भाऊंनी जिवापाड जपली त्या तुम्ही, तुम्हीही चार शब्द लिहा. माझ्या नवऱ्याला, नारायणला, मी लिहायला बसलेलं आवडलं नाही. "काऊन लिहून राह्यली?" तो म्हणाला. "माणूस गेला ना आता." मी म्हटलं, म्हणूनच. ते असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि त्यांच्या उत्तरापुढे माझं कधी चाललं नाही. ज्यांना भाऊंची आठवण गोड ठेवायची आहे त्यांनी इथेच पान उलटावं. मला त्यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, आणि ते गोड नाही.

नारायण आरमोरीच्या धान पिकवणाऱ्या घरचा. शिकायला म्हणून लांबच्या शहरात कलाशाळेत गेला आणि चिनीमातीची भांडी घडवायला शिकून आला. घरच्यांना वाटलं होतं मास्तर होईल. तो पोंभुर्ण्याला आला, रानाच्या कडेला जागा घेतली, स्वतः विटा रचून भट्टी बांधली आणि चाकावर बसला. आरमोरीत लोक त्याच्या वडिलांना विचारायचे, पोरगा एवढा शिकून कुंभार झाला काय? आमचं लग्न झालं तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मला चित्रं काढता येतात आणि या माणसाची भांडी कोरी आहेत. मी खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधायला शिकले. निळा, करडा-तांबडा आणि एक हिरवा, एवढे तीन रंग आमच्या भट्टीत टिकायचे. जे डोळ्यांसमोर होतं तेच मी रंगवायची. बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले मासे, मोहाची फुलं, धानाच्या बांधीत उभे असलेले बगळे. पहिल्या भट्टीतली निम्मी भांडी तडकली. उरली ती बाजारात नेली तर लोक उचलून बघत आणि विचारत, "याच्यात वरण वाढलं तं रंग उतरन काय?" नाही म्हटलं तरी ठेवून जात.

अशा दिवसांत वकीलभाऊ आले. त्यांचं नाव माधवराव, पण वणीपासून सिरोंच्यापर्यंत सगळे त्यांना वकीलभाऊच म्हणायचे. चांद्यात त्यांची मोठी वकिली होती. कुठल्याशा पक्षकाराच्या जीपमधून ते जमीन बघायला आले होते आणि आतेभाऊ काय करतो ते बघावं म्हणून आमच्याकडे वळले. नात्यानं ते माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर ओढून आत जायचं असतं, आणि भासऱ्यानंही तिच्याशी सरळ बोलायचं नसतं. मी आत गेले. त्यांनी ओट्यावरची एक ताटली उचलली, तिच्यावर बोडीतले तीन मासे होते, आणि उजेडाकडे धरून नीट पाहिली. मग दारातून सरळ मला विचारलं, "बाई, हा तिसरा मासा वळताना तुम्ही कुंचला उचलला नाई ना?" मी पदराआडून नाही म्हटलं. तो मासा मी खरंच एका दमात ओढला होता. नारायणच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही, त्यांनी विचारीपर्यंत.

इथे मला एक गोष्ट खरी लिहायची आहे, नाहीतर हा लेख नुसता आकस होईल. माझं काम त्या माणसाइतकं नीट कोणी पाहिलं नाही. त्यांनी ती ताटली घेतली, भाव न करता घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक भट्टी उघडायच्या दिवशी ते पोंभुर्ण्याला येऊ लागले. विटा काढल्या की आतून ऊब यायची, नारायण एकेक भांडं बाहेर द्यायचा, आणि ते पायजम्याची पर्वा न करता राखेत उकिडवे बसायचे. एखाद्या वाडग्यावरचं फूल मी घाईत उरकलेलं असलं तर ते बाजूला ठेवत, आणि मला शरम वाटायची. एखादं साधलं असेल तर त्यांचा चेहरा बदलायचा. मी त्या चेहऱ्यासाठी काम करू लागले होते. पुढची भट्टी लागायच्या आत काय रंगवायचं याचा विचार करताना मला बाजारातल्या बायका दिसायच्या नाहीत, भाऊ दिसायचे. दोन-तीन वर्षं अशी गेली, आणि ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. राग येतो तो त्याचाही येतो.

चांद्याच्या घरी त्यांनी एक खोली या भांड्यांसाठी राखली होती. सागवानी कपाटं, त्यांना काचेची दारं, खिडक्या बंद. मी त्या घरी जाई तेव्हा बाहेरच्या बैठकीत किंवा स्वयंपाकघरात बसे. खोलीच्या दाराला कुलूप असे आणि ती बघायची आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नसे. त्यांच्या पत्नी यमुनाबाई माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, साध्या, स्वयंपाकात हुशार. त्यांना त्या भांड्यांचं कौतुक होतं की भीती होती ते कधी कळलं नाही. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी सांगितलं, "मले तं त्या खोलीत झाडू बी मारू देत नाई. सोताच झाडतेत. कोर्टात एवढा मोठा माणूस, अन् घरी येऊन झाडू मारून राह्यते." आणि हसल्या. मीही हसले. त्या घरात जेवण पितळी ताटात व्हायचं. मी रंगवलेल्या ताटलीत तिथे कोणी एकदाही जेवलं नाही, याचं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. उलट, मोठेपणा वाटला होता.

मग हळूहळू त्यांची एक अट पुढे आली. एकसारखी दोन भांडी नकोत. ते काही घेत, आणि जाताना नारायणला सांगत, याची दुसरी करू नको. सुरुवातीला आम्हाला ते कौतुकच वाटलं, कारण तसंही मी सहसा तेच चित्र परत काढत नसे. पण एकदा आरमोरीच्या एका मास्तरीणबाईंनी मोहफुलांचा कप मागितला आणि मी भाऊंकडे असलेल्यासारखाच काढून दिला, तर पुढच्या खेपेला भाऊंनी तो विषय काढला. कोणाकडे गेला, का दिला, एखाद्या साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. पुढे मास्तरीणबाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुमचे वकील आले होते, चहा घेतला, कप बघायला मागितला आणि हातातून पडला बिचाऱ्यांच्या. फार ओशाळले म्हणे. नंतर भाऊंनी त्यांना एक छान पितळी पेला पाठवून दिला. मी ऐकून घेतलं. हातातून भांडं पडतं, त्यात काय.

नारायणची धाकटी बहीण कुसुम. तिचं लग्न चामोर्शीला ठरलं तेव्हा मी तिच्यासाठी पाण्याच्या सुरयांची जोडी करायचं ठरवलं. सारस पक्षी आमच्याकडे धानाच्या बांधीत जोडीनं दिसतात. एक मान वर करून हाक देतो आणि दुसरा त्याला साथ देतो. एका सुरईवर मान उंचावलेला नर काढला, दुसरीवर मान झुकवलेली मादी. शेजारी ठेवल्या की दोघं एकमेकांकडे बघतील अशा. कुसुम भट्टीवर यायची, ओल्या चित्राला फुंकर घालायची आणि मी ओरडायची. भट्टी उघडली त्या दिवशी भाऊ नेहमीसारखे हजर होते. नराची सुरई त्यांच्या हातात गेली आणि मला कळलं की आता ती परत यायची नाही. मी नारायणला आतून खुणावलं. त्यानं सांगून पाहिलं, भाऊ, ही कुसुमच्या लग्नाची आहे. भाऊ म्हणाले, जोडी तिची, एक मला दे. वडिलांसारख्या भावाला नारायण दुसऱ्यांदा नाही म्हणू शकला नाही. ती गेली. मी चार दिवस बोलले नाही त्याच्याशी, मग पुन्हा माती घ्यायला लावली. तशीच सुरई, तसाच नर, आणि पुढच्या भट्टीत ती नीट भाजून निघाली. खरं सांगायचं तर पहिलीपेक्षा चांगली निघाली. मान जास्त सैल आली होती. ती मी भाऊंना दाखवली नाही, सरळ आरमोरीला पाठवली.

लग्न आरमोरीला, घरच्याच मांडवात झालं. आहेर एका लाकडी बाकावर मांडला होता... पातळं, ताटं, समई, आणि मधोमध सुरयांची जोडी. बायका येऊन बघायच्या, सारस एकमेकांकडे बघतेत पाहा म्हणून दाखवायच्या. मुलाकडची माणसंही बघून गेली होती. भाऊ दुपारच्या सुमाराला आले. मी वाढपाच्या बायकांमध्ये उभी होते, तिथून बाक सरळ दिसायचा. त्यांनी ती नराची सुरई दोन्ही हातांनी उचलली. भट्टीवर उचलायचे तशीच. फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली, मानेजवळ जरा थांबले, आणि त्यांचा चेहरा मला माहीत होता तसा बदलला, साधलेलं काम पाहिल्यावर बदलायचा तसा. आणि मग त्यांनी हात उघडले. हिसका नाही, धक्का नाही. दोन्ही हातांचे तळवे बाजूला झाले आणि सुरई बाकाच्या कडेवर पडून खाली दगडावर फुटली. सगळ्या मांडवात आवाज गेला. भाऊ लगेच म्हणाले, "हात निसटला." लोक धावले, कोणी म्हणालं जाऊ द्या, कोणी तुकडे गोळा केले. कुसुम बोहल्यावरून वळून बघत होती.

पाण्याचं भांडं, आणि तेही जोडीतलं, लग्नाच्या मांडवात फुटलेलं. मुलाकडच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला ते मी पाहिलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण कुसुम चामोर्शीला नांदायला गेली आणि तिच्यामागे ती सुरईही गेली. दूध नासलं तर, गाय आटली तर, तिच्या नवऱ्याला ताप आला तर सासू एकच म्हणायची, मांडवातच दिसलं होतं. पहिल्या दिवाळीला कुसुम माहेरी आली तेव्हा वाळली होती. तिनं उरलेली सुरई धानाच्या कोठीमागे लपवून ठेवली होती, सासूच्या नजरेला पडू नये म्हणून. तिला वाटायचं, आपल्याच नशिबात काही तरी असेल. मी तिला म्हटलं नशीब वगैरे काही नाही, पण जे पाहिलं ते सांगायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि समोर वकील होता.

मी चांद्याला गेले. नारायणला सांगितलं सामान आणायला जाते. मूल गावावरून जाणाऱ्या मोटारीनं दुपारी पोचले, भाऊ कोर्टातून येऊन बैठकीत बसले होते. यमुनाबाई चहा ठेवायला आत गेल्या. मी पदर घेतला, पण आत गेले नाही, त्यांच्या समोरच उभी राहिले. कुसुमच्या सासरी काय चाललंय ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही एकदा चामोर्शीला जा, तिच्या सासूला सांगा की सुरई मी फोडली, अपशकुन नव्हता. ते म्हणाले, हात निसटला हे मी मांडवात सांगितलंच आहे.

"निसटला नाही," मी म्हटलं. "तुम्ही सोडली."

 मला वाटलं नाकारतील, चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हो. सोडली."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. भाऊ अगदी शांतपणे बोलत होते, मला काही समजावून सांगावं तसे. म्हणाले, "दुसरी होती तोवर माझ्याकडली ती नुसती एक सुरई होती. आता तशी कुठंच नाई. तुम्ही काढलेली आहे, तुम्हाला हे कळायला पाहिजे, बाई." मी विचारलं, हे सासूला सांगाल? ते हसले नाहीत. "इथी आपण दोघंच आहो. बाहेर मी हेच म्हणालो असं कोणी म्हटलं तं मी म्हणेन, बाईचं डोकं फिरलं." मग चहा आला. मी तो घेतला नाही. यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि भाऊंकडेही पाहिलं नाही, कप ठेवून परत गेल्या. येताना मोटारीत मला मास्तरीणबाईंचा कप आठवला. त्यानंतर आणखी कोणाकोणाकडे भाऊ चहाला गेले असतील, याचा मी विचार करत राहिले.

पोंभुर्ण्याला पोचल्यावर नारायणला सगळं सांगितलं.  भाऊंचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माती भिजवताना त्यानं विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, कप कर. लहान, स्वस्त, चहाचे. जितके होतील तितके. आणि मी प्रत्येकावर तोच सारस काढला. मान वर केलेला, हाक देणारा. कपावर, वाडग्यावर, बरणीवर, झाकणावर. दुसरं काही नाही. मासे नाहीत, मोहफूल नाही. भट्टी उघडली की एकाच पक्ष्याचा थवा बाहेर यायचा. वैनगंगा डोंग्यानं ओलांडून आम्ही ती भांडी चामोर्शीच्या बाजाराला न्यायचो आणि मडक्यांच्या भावात द्यायचो. स्वस्त म्हटल्यावर कोणी वरणाचा प्रश्न विचारला नाही. चहावाल्यांनी घेतले, घराघरांत गेले, गोंडांच्या गावांतून मोहफूल विकायला आलेल्या बायकांनी मीठमिरची ठेवायला वाडगे नेले. त्या पक्ष्याला तिकडे काय म्हणतात ते त्यांनी मला सांगितलं आणि मी चोचीजवळ काय चुकवते तेही हसून दाखवलं. मी सुधारलं. पुढच्या भट्टीला सारस आणखी सारसासारखा झाला.

भाऊंना कळायला वेळ लागला नाही. भट्टी उघडायच्या दिवशी ते आले, राखेत बसले, पहिला कप हातात घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग उठून नारायणला म्हणाले, सगळी भट्टी मी घेतो. नारायण म्हणाला, "नाई भाऊ. बाजारासाठी हाय." बोलताना त्यानं भाऊंकडे पाहिलं नाही, पण म्हणाला. मी आत होते. मला तो माणूस त्या दिवशी जितका आवडला तितका लग्नातही आवडला नव्हता. भाऊ पुन्हा दोनदा आले, दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परत गेले. राज्य बदललं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, भाऊ त्या धामधुमीत मोठमोठ्या सभांना दिसायचे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना ते काचेआडची ती सुरई दाखवायचे असं कानावर यायचं. पाहुणे चहाच्या टपरीवर जात नसावेत.

कुसुमच्या बाबतीत जे झालं ते मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण झालं. चामोर्शीतल्या घरोघरी सारस गेला. एके दिवशी तिची सासूच माझ्या तणशीपुढे येऊन बसली, न ओळखल्यासारखं करून दोन वाडगे निवडले, एकाला चीर आहे म्हणून बदलून घेतला. पुढे पाव्हणे आले की त्या घरात त्याच वाडग्यांतून दही दिलं जायचं. त्यातला एखादा फुटला की सासू म्हणायची बाजारातून दुसरा आणा. कुसुमनं कोठीमागची सुरई बाहेर काढली आणि तिच्यात पाणी भरून ओसरीत ठेवली. कोणी काही म्हटलं नाही. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं आणि ते माझ्या कपांकडे हात करत होतं.

भाऊंची माझी शेवटची भेट बाजारातलीच. थंडी सुरू झाली होती. ते कुठल्याशा कामासाठी चामोर्शीला आले असावेत, काठी घेऊन एकटेच आले. बरेच खंगले होते. शेजारच्या टपरीवर दोन-तीन माणसं चहा पीत होती, त्यांच्या हातात माझे कप. भाऊ ते बघत उभे राहिले. मग वाकून एक कप उचलला, सारस डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. या वेळी त्यांनी कप जागेवर ठेवला.

"हात बिघडवला तुम्ही, बाई," ते म्हणाले. "काय होता अन् काय केला."

मी म्हटलं, "नीट बघा. बिघडला नाही."

त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. त्यांना दिसलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्यांना दिसायचंच. त्या कपावरचा सारस त्यांच्या काचेआडच्या सारसापेक्षा चांगला होता आणि तो टपरीवर उष्टा होत होता. ते काठी टेकत गेले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि आता म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

भाऊंचे दिवस झाल्यावर यमुनाबाईंनी निरोप पाठवला. मी गेले. माणसांनी भरून गेलेलं घर ओसरलं होतं. त्या म्हणाल्या, नागपूरचे कोणी मोठे लोक येऊन विचारून गेले, भांडी आम्हाला द्या, आम्ही नीट ठेवू. "मी म्हणलं, जिची हायेत तिलेच पहिले विचारते. तुले जे पाहिजे ते घेऊन जा. सगळं नेलं तं सगळं ने." मी म्हटलं, बाई, न्यायचं कशाला, काढा बाहेर आणि जेवा त्यात. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. कमरेची किल्ली काढून त्या पुढे झाल्या आणि मी मागे.

खोलीच्या दाराशी त्या थांबल्या. भिंतीला लागून एक तिवई होती, तिच्यावर पाण्याचा लोटा, खाली घंगाळ, वर खिळ्याला धुतलेला पंचा. त्यांनी आपले हात धुतले, दोन्ही बाजूंनी पुसले, बोटांच्या मधे पुसले. मग लोटा माझ्याकडे वळवून उभ्या राहिल्या. "हात धू," म्हणाल्या. "धुतल्याबिगर आत जाऊ देत नाईत." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या गंमत करत नव्हत्या. त्यांचा माणूस जाऊन महिना होत आला होता, घरात आम्ही दोघीच होतो, आणि त्या 'देत नाईत' म्हणाल्या. मला सांगायचं होतं की या हातांनीच ती माती मळली आहे, या हातांवरचा निळा अजून नखांतून गेलेला नाही... पण त्यांनी लोटा आधीच तिरपा धरला होता. मी हात पुढे केले. त्यांनी पाणी ओतलं. मी पंचाला हात पुसले, बोटांच्या मधे पुसले, आणि माझ्याच भांड्यांपुढे स्वच्छ हातांनी उभी राहिले.